उप्पिट्टु ऊर्फ उपमा : एका न्याहारीच्या नांवाचा व द्रव्यांचा विचार

ताम्रपट, महजर, निवाडे आणि पोथ्या यांच्या पंक्तीस न्याहारीचा एक साधा पदार्थ आणून बसविणें कांहीं वाचकांस अनुचित वाटेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु या मार्गानें आम्हीच प्रथम जात आहों असें नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं इ. स. १९४३ च्या सुमारास जिलबीच्या इतिहासावर निबंध लिहिला, आणि पोथ्यांतील उल्लेख कालानुक्रमानें लावले असतां पदार्थाचाही इतिहास दस्तऐवजाच्या इतिहासाइतकाच सप्रमाण लिहितां येतो हें दाखवून दिलें. त्यांचा कित्ता पुढें ठेवून दक्षिणेंतील ‘उप्पिट्टु’ अथवा ‘उपमा’ या रव्याच्या न्याहारीचा विचार येथें करावयाचा आहे.

लिहिण्यास निमित्त आमचीच एक चूक झाली. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां उपमा अलंकाराचा पाठ आला म्हणजे मुलांस हांसविण्यासाठीं आम्ही एक व्युत्पत्ति सांगत असूं. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘मा’ म्हणजे मोजणें. रव्याच्या मापाजवळ पाण्याचें माप ठेवून जो पदार्थ सिद्ध करावयाचा तो उपमा. प्रारंभीं हा विनोद होता. परंतु वर्षानुवर्षें तोच तोच विनोद केला म्हणजे तो सांगणारालाही खरा वाटूं लागतो, तसें आमचें झालें. निवृत्तीनंतर एके दिवशीं हीच व्युत्पत्ति आम्हीं घरांत गंभीरपणें सांगितली. आमच्या वहिनींचें माहेर धारवाडचें. घरांत मराठी आणि दारांत कानडी अशा वळणांत त्या वाढलेल्या. त्या म्हणाल्या, “भावजी, उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. मीठ घातलेलें पीठ तें उप्पिट्टु. यांत तुमचा अलंकार कोठें आला?”

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. बनावट सनद ओळखण्याचे जे नियम आपण कागदास लावतों, ते आम्हीं या शब्दास लावून पाहिले नव्हते. ते लावल्यावर जें दिसलें तें पुढें क्रमानें मांडतों.

१. नांवाची साक्ष

या पदार्थास कानडींत उप्पिट्टु, तामिळांत उप्पुमा, मल्याळींत उप्पुमावु आणि तेलुगूंत उप्पिंडि अशीं नांवें आहेत. चारही नांवांचें पूर्वपद एकच, ‘उप्पु’, म्हणजे मीठ. उत्तरपद मात्र प्रत्येक भाषेचें स्वतःचें आहे. कानडीचें हिट्टु, तामिळाचें मा, मल्याळीचें मावु, तेलुगूचें पिंडि. या चारही शब्दांचा अर्थ पीठ असाच आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. एका भाषेनें दुसरीकडून हा शब्द आयता उचलला असता तर उत्तरपदही तसेंच आलें असतें. तसें न होतां प्रत्येक भाषेनें आपल्या घरचा ‘पीठ’वाचक शब्द वापरला आहे. त्यावरून ‘मीठ घातलेलें पीठ’ ही कल्पना या चारही प्रांतांत पुरती रुजलेली होती, असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं.

संस्कृत ‘उपमा’ हा शब्द या पदार्थाचें मूळ असता तर कानडीच्या ‘ट्टु’ची आणि सर्वत्र आढळणाऱ्या दुहेरी पकाराची वाट लावतां आली असती काय? येत नाहीं. शिवाय तामिळांत अलंकारवाचक शब्द ‘उवमै’ असा चालतो, आणि तोल्काप्पियम् या प्राचीन व्याकरणग्रंथांत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. अलंकार तो उवमै आणि न्याहारी ती उप्पुमा. हे दोन शब्द तामिळ मनुष्य कधींही एकत्र करीत नाहीं. दोहोंचा घोटाळा झाला तो आपल्या नागरी लिपींत. ‘उप्पुमा’ हें नांव रोमन अक्षरांतून उपाहारगृहांच्या पाट्यांवर आलें, तेथें एक पकार व मधला उकार गळाला, आणि जें उरलें तें दिसण्यांत हुबेहूब संस्कृत झालें. नकलनविसाच्या हातून एक अक्षर सुटावें आणि त्यावरून पुढें नवीच वंशावळ उभी राहावी, असे प्रकार आपण कागदांत नेहमीं पाहतों. हा त्यांतलाच एक.

मराठींतील ‘उप्पीट’ हें रूप कानडींतून आलें हें उघड आहे. आपले कित्येक लोक तें ‘उप्पीठ’ असें लिहितात, कारण मराठी कानास तेथें ‘पीठ’ ऐकूं येतें. आपलें पीठ संस्कृत ‘पिष्टा’पासून आलेलें, आणि कानडी शब्दांतील जोड ‘उप्पु’ अधिक ‘हिट्टु’ अशी. म्हणजे उप्पीटांतला पकार मिठाचा आहे, पिठाचा नव्हे. ऐकणाराची चूक खरी. पण त्या चुकीनेंही अर्थ नेमका बरोबर निघतो, हा योगायोग मौजेचा आहे.

आतां मुख्य मुद्दा. या चारही नांवांत ‘पीठ’ आहे, ‘रवा’ नाहीं. कानडींत रवे, तामिळांत रवै, तेलुगूंत रव्व असे रव्यास स्वतंत्र शब्द असतांना नांव देणारांनीं ते वापरले नाहींत. उलट आज तामिळ घरांत ‘रवै उप्पुमा’ आणि ‘अरिसि उप्पुमा’ असा भेद करून बोलतात. अरिसि म्हणजे तांदूळ. नांवामागें ‘रवै’ हें विशेषण लावावें लागतें, त्या अर्थीं मूळ नांव केवळ रव्याच्या पदार्थाचें नव्हतें. तेलुगु घरांत ‘उप्पुडु पिंडि’ म्हणून जो पदार्थ करतात तो आजही तांदुळाच्या कण्यांचाच असतो.

अरिसि उप्पुमा आणि उप्पुडु पिंडि हे दोन्ही पदार्थ विशेषेंकरून उपासाच्या रात्रीं करतात. त्या रात्रीं शिजविलेला भात वर्ज्य, पण दळलेल्या तांदुळाचा फराळ चालतो. धार्मिक आचारांत जुनी चाल अधिक काळ टिकते, हा अनुभव आपणांसही आहे. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें धान्य न खाण्याची चाल आपल्याकडे राहिली आहे ती अशीच. म्हणून या उपासाच्या उप्पुमाकडे आम्ही मूळ प्रतीच्या जवळची प्रत म्हणून पाहतों. मूळ पदार्थ तांदुळाच्या भरड पिठाचा. रवा त्या नांवाखालीं मागाहून आला, असें आमचें मत आहे.

२. रव्याची साक्ष

रवा दक्षिणेस कोठून आला? किनाऱ्याची साक्ष प्रथम घेऊं. गौड सारस्वतांच्या कोंकणी बोलींत रव्यास व त्याच्या उपम्यास ‘रुळांव’ म्हणतात. सिंहली भाषेंत रवा तो ‘रुलं’. हे शब्द द्राविडी नव्हत, संस्कृतही नव्हत. ते पोर्तुगीज ‘रोलांव’ या शब्दाचे अपभ्रंश आहेत. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या इ. स. १८८६ च्या कोशांत ‘रोलाँग’ हा शब्द याच व्युत्पत्तीनें नोंदलेला असून दक्षिण हिंदुस्थानांत तो रव्यास लावतात, पूर्वीं पश्चिम हिंदुस्थानांतही लावीत, असें तेथें म्हटलें आहे. गोमंतकापासून सिंहलद्वीपापर्यंतच्या किनाऱ्यानें एका धान्यप्रकाराचें नांव फिरंग्यांकडून घ्यावें, याचा अर्थ त्या भातखाऊ किनाऱ्यावर तो जिन्नस नित्याचा नव्हता, एवढा तरी निश्चित होतो.

परंतु यावरून रवा पोर्तुगीजांनींच हिंदुस्थानांत आणला असें कोणी म्हणूं लागेल तर तें साफ चूक होईल. घाटावरची साक्ष वेगळी आहे. कल्याणीच्या चालुक्यवंशांतील भूलोकमल्ल सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत तो छापला आहे. त्याच्या अन्नभोग प्रकरणांत गहूं धुऊन, उन्हांत वाळवून, जात्यावर दळून, चाळणीनें चाळण्याची रीत सांगितली असून त्या पिठाचे मंडक व पोलिका, म्हणजे आपले मांडे व पोळ्या, वर्णिलेल्या आहेत. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशां’त ‘समिता’ या पिठाची कृति येते. तींत धुणें, कांडणें, वाळविणें यांच्यानंतर आणि दळण्याच्या आधीं गव्हांवर पाणी शिंपडावें असें सांगितलें आहे.

हें पाणी कशासाठीं, हा प्रश्न पोथी वाचतांना आम्हांस सुटला नव्हता. तो जात्याशीं सुटतो. ओलविलेल्या गव्हाचा कोंडा चिवट होऊन पापुद्र्यासारखा सुटतो आणि आंतला गर कणांनीं फुटतो. चाळणींतून पीठ खालीं जातें, कोंडा पाखडून निघतो, आणि मध्यें जो उरतो तो रवा. आपल्या घरोघरीं गहूं ओलवून, फडक्यांत बांधून रवा-पीठ काढीत असत ती हीच रीत. ग्रंथांत एका शब्दानें सांगितलेली क्रिया घरांतल्या बायकांच्या हातांत शतकानुशतकें जिवंत होती. टीकाकारानें तेथें चौकशी केली असती तर त्यास टीका लिहिणें सोपें गेलें असतें.

धान्यही हातांतलें होतें. कृष्णेच्या खोऱ्यांतील खपली गहूं, ज्यास कानडींत जवे गोधि आणि तामिळांत सांबा गोदुमै म्हणतात, आणि मुंबई-कर्नाटकांतील बन्सी गहूं, हे दोन्ही जातीचे कठीण असून त्यांचा रवा उत्तम पडतो. कर्नाटकांत उप्पिट्टास अजूनही ‘बन्सी रवे’च पसंत करतात.

या रव्याचा आपल्याकडील पदार्थ म्हणजे सांजा. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत कृसर, पायस व अपूप यांच्या जोडीस ‘संयाव’ नांवाचें गव्हाचें पक्वान्न येतें. संयोगाचा ‘संजोग’ होतो त्याच नियमानें संयावाचा ‘सांजा’ व्हावा, हें ध्वनिशास्त्रास धरून आहे. मंगळुराकडे उपम्यास ‘सज्जिगे’ म्हणतात आणि पोह्यांबरोबर तो ‘सज्जिगे बजिल’ म्हणून न्याहारीस देतात. तामिळ ब्राह्मणांत मुलगी पाहण्याच्या प्रसंगीं ‘सोज्जि-बज्जि’ करण्याची रूढि आहे, आणि त्यांतील सोज्जि म्हणजे रव्याचा गोड शिराच. सांजा, सज्जिगे, सोज्जि यांची ठेवण एकमेकांशीं जुळते. मात्र केवळ ध्वनिसाम्यावर निवाडा देण्याची खोड आम्हांस एकदां नडली आहे, म्हणून येथें आम्ही तुलना मांडून थांबतों.

३. प्रक्षेप कोणते

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या हातून जें उभें राहिलें, त्यानें आपल्याला एक शिस्त लावली. सर्व प्रांतांच्या प्रती पुढें ठेवाव्या, सर्वत्र समान तेवढें मूळ धरावें, आणि एकेका प्रांतांतच आढळणारें तळटीपेंत उतरवावें. हीच शिस्त या पदार्थास लावून पाहूं.

मीठ, स्नेह, मोहरीची फोडणी आणि कढत पाणी एवढें सर्व प्रांतांत समान आहे. हिंग, कढीपत्ता, आलें व उडदाची डाळ हीं बहुतेक सर्वत्र. किनाऱ्यावर ओला नारळ अधिक, महाराष्ट्रांत चिमूटभर साखर व लिंबू अधिक. कांदा कोणी घालतो, कोणी वर्जितो. हिरवी मिरची, काजू, शेंगदाणे व टोमॅटो हीं चारही द्रव्यें मूळचीं अमेरिका खंडांतलीं. वास्को द गामा इ. स. १४९८ मध्यें मलबारास उतरला त्यानंतरच्या काळांतलीं. हीं चारही निःशंक प्रक्षिप्त होत.

मिरचीच्या जागीं पूर्वीं काय होतें, याची साक्ष श्राद्धाचा स्वयंपाक देतो. तामिळ ब्राह्मणांच्या श्राद्धांत मिरची वर्ज्य असून तिखटपणासाठीं मिरीं वापरतात. वर सांगितलेल्या अरिसि उप्पुमांतही मिरीं, तुरीची डाळ व खोबरें हींच मुख्य. मानसोल्लासांत ‘इडरिके’स मिरीं, जिरें, हिंग यांचाच मसाला सांगितला आहे.

इडरिकेचा उल्लेख आला तो उपयोगी आहे. मानसोल्लासांतली इडरिका केवळ उडदाची. तींत तांदूळ नाहीं. आजची इडली तांदूळ व उडीद यांची. नांव टिकलें, द्रव्य बदललें. याच नांवाखालीं तिसरें द्रव्यही आलें. बंगळूर येथील मावळ्ळी टिफिन रूम्स या इ. स. १९२४ मध्यें स्थापन झालेल्या उपाहारगृहाचे चालक असें सांगतात कीं, दुसऱ्या महायुद्धांत तांदुळाची टंचाई झाली तेव्हां त्यांनीं रव्याची इडली प्रथम केली. ब्रह्मदेश इ. स. १९४२ मध्यें जपानच्या हातीं गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला, हें तर सर्वश्रुत आहे. उपम्याचीही गति अशीच. केरळांत इ. स. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत केअर या अमेरिकन संस्थेनें पुरविलेल्या मक्याच्या पिठाचा उप्पुमावु शाळांतून मुलांस वाटीत असत, आणि त्या पिढीचे लोक अजून त्याची आठवण काढतात. तांदूळ, गहूं, मका; धान्य बदलत गेलें आणि नांव तेंच राहिलें. ‘मीठ घातलेलें पीठ’ या नांवांत कोणत्याही धान्याचें नांव नाहीं, हेंच त्याच्या दीर्घायुष्याचें कारण होय.

४. घरचा प्रयोग

एवढें लिहून झाल्यावर केवळ शब्दांवर विसंबणें आम्हांस बरें वाटेना. म्हणून स्वयंपाकघरांत, वहिनींच्या देखरेखीखालीं, आम्हीं स्वतः तीन वेळां प्रयोग केला. त्यांत एक वेळां पुरते फसलों, तेंही लिहितों.

प्रथम आम्हीं कोरा, न भाजलेला रवा कोमट पाण्यांत एकदम ओतला आणि वर विस्तव वाढविला. सर्व गुठळ्या झाल्या. त्या फोडून पाहतां आंत कोरडा रवा जसाच्या तसा. कारण असें कीं, पाणी तापत जातें तसें गुठळीच्या बाहेरील कण फुगून चिकट होतात व त्यांचें कवच आंत पाणी शिरूं देत नाहीं. वहिनींनीं तें पातेलें मुकाट्यानें बाजूस सारलें.

दुसऱ्या वेळीं रीतसर केला. बन्सी रवा एक वाटी. तो दोन चमचे तुपावर मंद आंचेवर आठ-दहा मिनिटें भाजला. खमंग वास सुटला, पण रंग फारसा बदलूं दिला नाहीं. दुसऱ्या पात्रांत तेलाची फोडणी : मोहरी तडतडल्यावर उडदाची डाळ, ती तांबूस झाल्यावर हिंग, कढीपत्ता, आल्याचा कीस व एक हिरवी मिरची. त्यावर तीन वाट्या पाणी व मीठ. बारीक रव्यास अडीच वाट्या पुरतात. बन्सीचा जाड रवा तीन मागतो. पाणी खळखळून उकळल्यावर डाव्या हातानें रव्याची बारीक धार सोडावी आणि उजव्या हातानें ढवळावें. पाणी आटतांच आंच उतरवून झांकण ठेवावें व पांच मिनिटें वाफ द्यावी. शेवटीं चमचाभर तूप व लिंबाचे चार थेंब. दाणा अन् दाणा सुटा झाला. भाजल्यानें रवा कोरडा होतो व प्रत्येक कणास तुपाचा हात लागतो, म्हणून कण एकमेकांस धरीत नाहींत.

तिसऱ्या वेळीं तांदुळाचा. एक वाटी तांदूळ धुऊन, फडक्यावर अर्धा तास वाळवून, मूठभर तुरीची डाळ व मिऱ्याचे आठ-दहा दाणे घालून भरड दळले, आणि पिठूळ भाग चाळून काढला. फोडणीच्या उकळत्या तीन वाट्या पाण्यांत या कण्या न भाजतांच घातल्या, मंद आंचेवर झांकून ठेवल्या. कांशाच्या भांड्यास खालीं खमंग खरपुडी धरली आणि वरचा भाग मोकळा झाला.

या दोन प्रयोगांतला भेद आमच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. तांदुळाच्या कण्यांस भाजण्याची गरज पडली नाहीं, रव्यास पडली. तुपावर रवा भाजून मग त्यांत आधण घालणें ही सांज्याची क्रिया होय. तेव्हां आजच्या उपम्यांत नांव व फोडणी दक्षिणेच्या भातखाऊ घरची, आणि धान्य व भाजण्याची कृति गहूंखाऊ घरची, असा दोन घरांचा संगम झालेला आहे.

५. महाराष्ट्रांतील दोन वाटा

महाराष्ट्रांत हा पदार्थ दोन नांवांनीं वावरतो याचा उलगडाही यावरून होतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या बाजूस ‘उप्पीट’ म्हणतात; तें सीमेवरच्या शेजारधर्मानें, लग्नसंबंधांनीं, घरांतून घरांत आलें. मुंबईकडे ‘उपमा’ हें नांव रूढ झालें. तें उडुपीकडील लोकांच्या उपाहारगृहांतून आलें. माटुंग्यास रामा नायक यांनीं आपलें श्रीकृष्ण बोर्डिंग इ. स. १९४२ मध्यें काढलें, आणि मुंबईंत धान्याचें नियंत्रण इ. स. १९४३ मध्यें सुरू झालें. एक नांव माहेरवाशिणीबरोबर आलें, दुसरें पाटीवरून.

तंजावरच्या मराठी राज्याचा येथें संबंध जोडण्याचा मोह कोणास होईल. सांबाराचें नांव संभाजीवरून पडलें अशी एक गोष्ट सर्वत्र छापली जाते. तिला समकालीन कागदाचा आधार कोणींही पुढें आणलेला नाहीं. तिच्याच शेजारीं उपम्याची दुसरी गोष्ट रचूं नये. तंजावरास साधनें खरीं आहेत. रघुनाथपंडित नवहस्त याचें ‘भोजनकुतूहल’ हें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें असून त्याचा एकोजीची राणी दीपाबाई हिच्याशीं संबंध आहे; सरस्वती महालांत ‘सरभेंद्रपाकशास्त्र’ हा पाकग्रंथ आहे. शोध घ्यावयाचा तर तेथें घ्यावा. आणि सांपडला नाहीं तर सांपडला नाहीं असें लिहावें.

६. एका वहीविषयीं

शेवटीं जें सांगावयाचें आहे तें सांगणें आम्हांस जड जातें. परंतु तें न सांगतां हा लेख पुरा होणार नाहीं.

दुसऱ्या प्रयोगाच्या वेळीं पाण्याचें माप विचारलें असतां वहिनी म्हणाल्या, “आजीच्या वहींत सगळीं मापें होतीं. लढाईच्या दिवसांत तांदूळ मिळेनासा झाला, तेव्हां तिनें उप्पिट्टु रव्याचें करायला घेतलें. तीही तारीख तिनें लिहून ठेवली होती.” कोणती वही, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, “तुम्ही धारवाडास आला होता तेव्हां दप्तरांतच होती. लांबट, तांबड्या पुठ्ठ्याची.”

ती वही आम्हांस आठवली. वीस वर्षांपूर्वीं त्यांचें माहेरचें घर विकावयाचें ठरलें, तेव्हां दप्तर पाहण्यास आम्हांसच बोलावलें होतें. आम्हीं त्यांतून दहा पोथ्या निवडल्या. त्यांतील नऊ स्तोत्रांच्या, ज्यांच्या प्रती प्रत्येक संग्रहांत आहेत. एक अमरकोश, अपुरा. आणि ज्या वहीवर मोडींत ‘घरखर्च’ असें लिहिलें होतें, व जिच्यांत अर्धा मजकूर मोडी आणि अर्धा कानडी होता, ती आम्हीं उघडून दोन पानें पाहिलीं, ‘किरकोळ’ म्हणून बाजूस ठेवली, आणि ती रद्दींत गेली. या लेखांत ज्या ठिकाणीं आम्हीं ‘अनुमान’ आणि ‘मत’ असे शब्द वापरले आहेत, त्यांपैकीं एका ठिकाणीं तरी तारखेसह प्रत्यक्ष नोंद असती. तांदुळाच्या जागीं रवा एका घरांत कोणत्या दिवशीं आला, हें लिहून ठेवणाऱ्या बाईनें आपलें काम चोख केलें होतें. आमचें काम आम्हीं केलें नाहीं. वहिनींनीं यावर एक शब्दही आम्हांस उणा बोलून दाखविला नाहीं.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जीं दप्तरें वांचविलीं त्यांची थोरवी आपण गातों. पण दप्तर वांचवितांना त्यांतलें काय टाकावें हें ठरविणारा हात आपलाच असतो. म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंति आहे. घरखर्चाची, वाणसामानाची किंवा पाककृतींची वही हातीं आली तर ती टाकूं नये. लिपि कोणती, कागद देशी कीं गिरणीचा, शाई कोणती, हें टिपावें. हिशेब आणे-पैंत असेल तर ती वही बहुधा इ. स. १९५७ च्या नव्या नाण्यांपूर्वींची. वजनें शेर-छटाकांत असतील तर बहुधा इ. स. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें रुळण्यापूर्वींची. तांदुळाच्या जागीं गहूं, मिऱ्याच्या जागीं मिरची, तुपाच्या जागीं तेल कोणत्या वर्षीं आलें, हें अशाच वह्यांत सांपडेल; सनदांत सांपडणार नाहीं. आणि वही लिहिणारीचें नांव घरच्यांस विचारून पहिल्या पानावर अवश्य लिहून ठेवावें.

आम्हीं तें विचारलें नव्हतें. आतां विचारलें, परंतु लिहावयास वही उरलेली नाहीं.